स्तनपंप : प्रकार, निवड व नातेवाईक

आईच्या अंगावरचे दूध बाळाच्या मदतीशिवाय काढून बाटलीत जमा करणाऱ्या साधनाला स्तनपंप म्हणतात. त्याचे मुख्य प्रकार दोन : हाताने चालवायचा आणि विजेवर चालणारा. नरसाळे, झडप आणि बाटली हे भाग दोन्हींत सहसा सारखेच असतात. पहिल्यात मोटरचे काम आईचे मनगट करते, दुसऱ्यात मोटरच करते. एवढ्या एका फरकावर घरात जितकी चर्चा होते, तितकी बाळाच्या नावावरही होत नाही. नावाच्या बाबतीत निदान आत्याचा मान ठरलेला असतो. पंप कोणी ठरवायचा हे धर्मसिंधूत दिलेले नाही, म्हणून तो सगळेच ठरवतात.

निवडीकडे वळण्यापूर्वी पंप नेमके काय करतो हे पाहून घेणे बरे. दूध तयार होते ते प्रोलॅक्टिन या संप्रेरकामुळे आणि तयार झालेले दूध बाहेर येते ते ऑक्सिटोसिनमुळे. बाळाने ओढायला सुरुवात केली की संदेश मेंदूपर्यंत जातो, पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरते, दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जातात आणि पान्हा फुटतो. हे संप्रेरक स्वभावाने भिडस्त असते. शेजारच्या फ्लॅटमधले बाळ रडले किंवा मोबाइलवर आपल्या बाळाचा फोटो दिसला, एवढ्यानेही ते धावून येते. दाराबाहेरून कोणी ‘झालं का गं?’ असे विचारले की आल्या पावली परत फिरते. वेदना, घाई आणि संकोच यांनी पान्हा अडतो हे वैद्यकीय पुस्तकांतही लिहिलेले आहे. दाराबाहेरच्या व्यक्तीचे नाते तेवढे तिथे दिलेले नसते.

या सगळ्यातले एकच काम पंपाला जमते : नरसाळ्यातला हवेचा दाब कमी करणे आणि पुन्हा सोडणे. बाळ सुरुवातीला भराभर, सेकंदाला सुमारे दोनदा चोखते; दूध येऊ लागले की गिळायला सवड हवी म्हणून वेग निम्म्यावर आणते. चांगले विद्युत पंप याची नक्कल करतात. पहिली दोनेक मिनिटे हलके आणि भराभर, नंतर सावकाश आणि खोल. हाताच्या पंपावर हाच बदल दांडी दाबण्याच्या वेगातून करावा लागतो आणि तो बहुतेक आयांना न शिकवता जमतो. बाळाच्या तोंडातला ओढा सरासरी पाऱ्याच्या दीडशे मिलिमीटरच्या आसपास असतो. घरगुती विद्युत पंप अडीचशेपर्यंत जाऊ शकतात. खरेदीला गेलेल्या नवऱ्याला खोक्यावरचा नेमका हाच आकडा आवडतो. घरातल्या टाकीची मोटर निवडताना त्याने हॉर्सपॉवर पाहिलेली असते, तो अनुभव इथे तो मोकळ्या मनाने वापरतो. प्रत्यक्षात जोर वाढवून दूध वाढत नाही. दुखते, दुखले की ऑक्सिटोसिन परत फिरते आणि बाटलीत आधीपेक्षा कमी येते. दुखणार नाही इतपत जास्तीत जास्त, हा नियम. त्याच्या पुढची बटणे खोक्यावर छापण्यासाठी दिलेली असतात.

पंपाचा इतिहास बराचसा पुरुषांनी घडवला. वापर त्यांना करायचा नव्हता, त्यामुळे काम उत्साहाने झाले. सोळाव्या शतकातल्या युरोपात काचेची भांडी होती. त्यांच्या लांब नळीचे टोक आईने स्वतःच्या तोंडात धरून स्वतःच ओढायचे. १८५४ मध्ये ऑर्वेल नीडहॅम यांना अमेरिकेत स्तनपंपाचे पेटंट मिळाले. १९२० च्या दशकात विद्युत पंपाचे पेटंट घेतले ते एडवर्ड लास्कर यांनी. लास्कर अभियंते होतेच, शिवाय नामांकित बुद्धिबळपटू होते. १९१२ मध्ये लंडनला जॉर्ज थॉमस यांच्याविरुद्ध त्यांनी वजिराचा बळी दिला आणि समोरच्या राजाला ओढत ओढत पटाच्या आपल्या टोकापर्यंत आणून मात केली. तो डाव आजही पुस्तकांत छापला जातो. घड्याळावर डोळा ठेवून एका जागी बसून राहणे दोन्ही क्षेत्रांत सारखेच लागते, त्यामुळे त्यांची गती समजण्याजोगी आहे. १९५६ मध्ये स्वीडनचे अभियंते एइनार एग्नेल यांनी ओढा किती असावा आणि किती वेळाने सोडावा याचा हिशेब मांडून सुसह्य पंप तयार केला. या कामात माया किंडबर्ग नावाच्या परिचारिका त्यांच्यासोबत होत्या. खोलीत एक बाई आली आणि पंप दुखायचा कमी झाला, हा योगायोग समजू नये. १९९० च्या दशकात विद्युत पंप रुग्णालयातून खांद्यावरच्या पिशवीत आला. सप्टेंबर २०१४ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये अभियंते, परिचारिका, माता आणि काही बाळे पंप सुधारण्यासाठी एकत्र जमली. माणूस चंद्रावर उतरून तेव्हा पंचेचाळीस वर्षे झाली होती.

हाताच्या प्रकारांत पहिला मान खुद्द हाताचा. स्तनाग्राभोवतीच्या गडद भागाच्या कडेवर अंगठा आणि तर्जनी समोरासमोर ठेवायची, आधी छातीच्या दिशेने मागे दाबायचे, मग दोन्ही बोटे जवळ आणून सोडायचे, आणि बोटांची जागा बदलत हेच करत राहायचे. बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत येणारा चीक चमचा-दोन चमचेच असतो. तो पंपात काढला तर नरसाळ्याच्या भिंतींनाच चिकटून राहतो. तिथे हात आणि स्वच्छ वाटी यांना तोड नाही. या पद्धतीला खर्च नाही, आवाज नाही, सुटे भाग नाहीत, हप्ते नाहीत आणि ‘अनबॉक्सिंग’ही नाही. याच कारणाने ती कोणी सुचवत नाही.

दुसरा प्रकार रबरी फुग्याचा. काचेच्या भांड्याला मागे लाल किंवा काळा फुगा, तो दाबून सोडला की ओढ तयार होते. जुन्या मेडिकल दुकानांत तो अजून मिळतो. ओढ्यावर ताबा राहत नाही आणि दूध फुग्यात शिरले की आतून धुता येत नाही, म्हणून डॉक्टर तो घेऊ नका म्हणतात. तो स्वस्त असतो, म्हणून सासरे तो घेऊन येतात. तिसरा प्रकार दांडीचा : नरसाळे, सिलिकॉनची पडदी, छोटी झडप, दांडी आणि बाटली. हाताचा पंप म्हटले की आज हाच समजावा. चौथा प्रकार निव्वळ सिलिकॉनचा एकसंध पेला; तो दाबून एका बाजूला चिकटवायचा आणि बाळ दुसऱ्या बाजूला पीत असताना जे गळून वाया जाते ते त्यात साठते. त्याला काहीच करावे लागत नाही. घरातल्या काही सदस्यांशी त्याचे त्यामुळे चांगले जमते.

विद्युत पंपातही उपप्रकार आहेत. एकेरी पंप एका वेळी एक बाजू घेतो, दुहेरी दोन्ही. दुहेरीने काम पंधरा-वीस मिनिटांत आटोपते, एकेरीला त्याच्या जवळजवळ दुप्पट वेळ लागतो. रुग्णालयी पंप जड, दणकट आणि अनेक मातांनी आळीपाळीने वापरण्यासाठी बनवलेला असतो; प्रत्येकीची नरसाळी आणि नळ्या वेगळ्या. मोठ्या शहरांत तो भाड्याने मिळतो. अंतर्वस्त्रात बसणारा बिनतारी पंप हे सर्वांत नवे अपत्य. जाहिरातीतली बाई तो लावून स्वयंपाक करते, ईमेल लिहिते आणि हसते. जाहिरातीत वाकण्याचा प्रसंग दाखवत नाहीत, कारण वाकले की तो सांडतो. हाताचा पंप काही शेकड्यांपासून सुरू होतो; विद्युत पंप हजारांत सुरू होतो आणि वीस-पंचवीस हजारांच्या पुढेही जातो.

महाग तो चांगला, या समजुतीला संशोधनाने फारसा आधार दिलेला नाही. दूध काढण्याच्या पद्धतींवरील अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१६ मध्ये कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा प्रसिद्ध केला. योग्य पद्धत ही बाळंतपणाला किती दिवस झाले, दूध कशासाठी काढायचे आहे आणि ती आई कोण आहे, यांवर अवलंबून असते, असे त्यात म्हटले आहे. हलका मसाज, मन निवांत करणारे ध्वनिमुद्रण, स्तन शेकणे आणि हाताने काढणे हे स्वस्त उपाय काही बाबतींत मोठ्या यंत्रांच्या तोडीचे किंवा सरसही ठरले. हा निष्कर्ष दुकानाच्या काउंटरवर वाचून दाखवण्याची प्रथा नाही. तिथे मेडिकलवाला आवाज खाली आणून ‘वहिनी, इलेक्ट्रिकच न्या, सध्या तेच चालू आहे’ एवढे सांगतो आणि खोके वर्तमानपत्रात गुंडाळून देतो. डायपरचे अवाढव्य पुडके तो उघडेच देतो.

घरी पोहोचल्यावर खोके सर्वांसमोर उघडते आणि मतदान सुरू होते. सासूबाईंचे मत असे, की ‘आमच्या वेळी कुठे होतं हे? तिन्ही मुलं अंगावरच वाढली.’ हे खरे आहे. त्या वेळी सासूबाईंना आठ सतराची फास्ट पकडायची नव्हती, हेही खरे आहे. पण ते बोलून दाखवण्याची जबाबदारी कोणाचीच नसते. मालिश करणाऱ्या मावशी ‘मशीननं दूध आटतं’ असे ठामपणे सांगतात. वस्तुस्थिती उलट आहे. दूध साचून राहिले तर शरीर उत्पादन कमी करते, वरचेवर रिकामे झाले तर वाढवते. पण मावशींचे बोलणे मालिश चालू असताना होते आणि त्या अवस्थेत कोणीही वाद घालू नये. माहेरची आई मतप्रदर्शन न करता अळिवाचे लाडू पुढे करते. अमेरिकेतली नणंद व्हिडिओ कॉलवरून ‘दुहेरी इलेक्ट्रिक नसेल तर अशक्य आहे गं’ म्हणते. तिच्यापुरते ते बरोबर आहे. तिकडे देशभर लागू होईल अशी पगारी बाळंतपणाची रजा नाही, आणि २०१० च्या आरोग्य कायद्याने बहुतेक विम्यांत पंपाचा खर्च धरला आहे. म्हणजे तिकडे पंप फुकट आणि रजा विकत. इकडे कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर नोकरदार स्त्रीला पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते आणि पंप स्वतःच्या पैशाने घ्यावा लागतो. शेतावर, बांधकामावर किंवा चार घरी धुणीभांडी करायला जाणाऱ्या बाईच्या वाट्याला रजाही येत नाही आणि नणंदही अमेरिकेत नसते.

नवऱ्याचे मत तक्त्यात असते. उभ्या ओळीत मॉडेल, आडव्या ओळीत ओढ्याचे टप्पे, बॅटरीचे तास, डेसिबल, वॉरंटी आणि ग्राहकांचे तारे. या तक्त्यात सर्वांत महत्त्वाची बाब नसते, ती म्हणजे नरसाळ्याचे माप. बाजारात एकवीस, चोवीस, सत्तावीस, अठ्ठावीस अशा मिलिमीटरची नरसाळी मिळतात आणि खोक्यात सहसा एकच येते. स्तनाग्र नळीत मोकळेपणाने मागेपुढे व्हावे आणि भोवतालचा भाग फारसा आत ओढला जाऊ नये, ही योग्य मापाची खूण. माप चुकले तर वीस हजारांचा पंपही दुखतो आणि कमी काढतो. जमले तर आठशेचा दांडीवाला नीट काम करतो. चप्पल घेताना पाय घालून बघणारे घर पंप मात्र ताऱ्यांवर घेते.

विद्युत पंपाचे तीन गुणधर्म खोक्यावर लिहिलेले नसतात. पहिला आवाज. मोटर एका लयीत चालते आणि रात्री अडीच वाजता एकटीच ऐकत बसलेल्या बाईला त्या लयीत शब्द ऐकू येऊ लागतात. ‘गॅस बंद, गॅस बंद’ हा त्यातल्या त्यात नेहमीचा. उठून पाहिले तर गॅस बंद असतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. झोप अपुरी असलेला मेंदू कोणत्याही ठेक्यात शब्द शोधतो. दुसरा गुणधर्म वीज. भिंतीवरच्या प्लगवर चालणारा पंप दुरुस्तीसाठी वीज बंद असलेल्या गुरुवारी पुण्यात उपयोगाचा नाही, आणि विदर्भातल्या मे महिन्यात कोणत्याही वारी नाही. बॅटरीचा पंप घ्यावा तर त्याची चार्जिंगची केबल मोबाइलच्या केबलीसारखीच असते आणि ती घरात कोणाच्या ताब्यात असते हे सर्वांना ठाऊक आहे. तिसरा गुणधर्म म्हणजे सुटे भाग. झडप सैल पडली की ओढा निम्मा होतो आणि मोटर मात्र पूर्वीच्याच उत्साहाने आवाज करते. कार्यालयीन जीवनात हे लक्षण इतके परिचयाचे असते की आईला ते पंपात ओळखायला दोन दिवस लागतात.

हाताच्या पंपाचा दोष एकच आणि तो मनगटात असतो. बाळंतपणानंतर बाळ उचलून उचलून अंगठ्याच्या मुळाशी आधीच कळ येत असते. त्यात दिवसातून पाच-सहा वेळा दांडी दाबायची म्हणजे हात बोलू लागतो. एकदा-दोनदा असेल तर मात्र काही वाटत नाही. शिवाय एक हात गुंतलेला असल्याने दुसऱ्या हातात फोन धरता येतो आणि ‘हो, मी घरीच आहे, काही करत नाहीये’ असे उत्तर देता येते.

दोन्ही प्रकारांना समान असलेले काम म्हणजे धुणे. दूध लागलेला प्रत्येक भाग वापरानंतर लगेच सुटा करायचा, वाहत्या पाण्याखाली धरायचा, साबणाच्या कोमट पाण्यात वेगळ्या घमेल्यात आणि वेगळ्या ब्रशने धुवायचा, स्वच्छ फडक्यावर हवेत वाळवायचा. बाळ अगदी लहान किंवा अपुऱ्या दिवसांचे असेल तर दिवसातून एकदा पाच मिनिटे उकळायचा. हाताच्या पंपाचे चार-पाच भाग, दुहेरी विद्युत पंपाचे त्याच्या दुप्पट. मोटर धुवायची नाही. ही सूचना पुस्तिकेत ठळक अक्षरांत असते, कारण कोणीतरी ती धुतलेली असते. उकळायला ठेवलेले पातेले दारावरची बेल वाजल्यामुळे विसरले जाते आणि झडपांचा वास घरभर पसरतो. म्हणून झडपांचा जादा जोड घेऊन ठेवावा. पंप निवडण्याच्या चर्चेत हिरिरीने भाग घेणाऱ्यांपैकी धुण्याच्या वेळी किती जण उरतात, हे पाहून त्यांच्या मताला किती वजन द्यायचे ते ठरवता येते.

पंपाने घरात आणलेली सर्वांत मोठी क्रांती मात्र बाटलीवरच्या रेघांनी केली. अंगावर पिणारे बाळ किती प्याले हे पूर्वी कोणालाच कळत नसे. ते झोपले म्हणजे पोट भरले. आता मिलिलिटर दिसतात, आणि जे दिसते त्याला गुण दिले जातात. बाटली स्वयंपाकघराच्या ओट्यावर आली की येणारा-जाणारा ती उजेडात धरून वाचतो. ‘चाळीसच?’ हा प्रश्न विचारणाऱ्याने आयुष्यात एक थेंबही काढलेला नसतो. खरे तर बाळाला पाजल्यानंतर काढले तर दोन्ही बाजूंचे मिळून पंधरा ते साठ मिलिलिटर येणे अगदी नेहमीचे आहे. एक अख्खी पाजणी चुकवून काढले तर साठ ते एकशेवीस. पहिल्या महिन्यापासून सहाव्या महिन्यापर्यंतचे बाळ दिवसभरात सरासरी साडेसातशेच्या आसपास पिते. नीट पिणारे बाळ पंपापेक्षा जास्त कुशल असते, म्हणून पंपात आले तेवढेच दूध आहे असे समजणे चूक. बाळाचे वजन वाढते आहे आणि दिवसाला सहा-आठ वेळा लंगोट ओले होतात, ही खरी पट्टी. रेघा मोजण्याने दूध वाढत नाही, आणि मोजणारा समोर उभा असेल तर कमी होते. यावर अनुभवी स्त्रिया बाटलीवर मोजा चढवतात. दूध दृष्टीस पडले की नजर लागते, असे कारण पणजी देते. ऑक्सिटोसिनचा अभ्यास केलेल्यांनाही उपाय मान्य आहे.

बाळंतीण कामावर परतली की पंपाला जागेचा प्रश्न पडतो. महाराष्ट्राला या बाबतीत थोर परंपरा आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली हिरकणी सूर्यास्ताला दरवाजे बंद झाल्यावर तान्ह्या बाळाच्या ओढीने कडा उतरून घरी गेली, असे सांगतात. तिच्या नावाचे कक्ष एसटी स्थानकांवर आणि सरकारी कार्यालयांत केलेले असतात. त्यांपैकी काहींना कुलूप असते आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते साहेब जेवायला गेलेले असतात. डिसेंबर २०२२ मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा हा प्रश्न विधानभवनापर्यंत पोहोचला. कायद्याने पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवे. ते नसेल तिथे पंप चालतो कॉन्फरन्स रूममध्ये, ज्याच्या काचेच्या भिंतीवर कंपनीचे ‘पारदर्शकता’ हे मूल्य लिहिलेले असते. किंवा यूपीएसच्या खोलीत, जिथे दोन मोटरी एकमेकींना साथ देतात. स्वच्छतागृह हा पर्याय सुचवणाऱ्याला आपला डबा तिथे बसून खायला सांगावे. अशा ठिकाणी दुहेरी विद्युत पंपाचा वेग कामी येतो, आणि दार उघडण्याचा धोका असेल तिथे हाताच्या पंपाचा मूकपणा.

काढलेले दूध टिकते किती, हे निवडीइतकेच महत्त्वाचे. पंचवीस अंश किंवा त्याखालच्या तापमानाला चार तास, फ्रीजमध्ये चार दिवस, चांगल्या डीप फ्रीजरमध्ये साधारण सहा महिने. पंचवीस अंश हे खोलीचे तापमान म्हणून पुस्तकांत दिलेले असते. ती पुस्तके चंद्रपुरात लिहिलेली नसतात. तिथे एप्रिलमध्ये बर्फाच्या पिशवीचा डबा जवळ ठेवावा आणि खोलीच्या भरवशावर राहू नये. फ्रीजमध्ये बाटली मागच्या बाजूला ठेवावी, दारात नको. त्यावर तारीख आणि वेळ लिहावी. कार्यालयाच्या फ्रीजमध्ये नावही लिहावे आणि चहा करणाऱ्या मामांना तोंडी कल्पना द्यावी, म्हणजे पुढचे प्रसंग टळतात. गोठवलेले दूध कोमट पाण्यात बाटली धरून वितळवावे, मायक्रोवेव्हमध्ये नाही आणि गॅसवरही नाही. एकदा वितळलेले पुन्हा गोठवू नये. साय वर येते, ती हलवून मिसळावी. साय बाजूला काढून ठेवण्याची सवय अंगवळणी पडलेल्या आजींना हे आधीच सांगावे. बाळाला पाजण्यासाठी बाटलीच हवी असेही नाही. वाटी-चमचा किंवा जुने बोंडले चालते आणि ते धुवायला सोपे असते.

जास्तीचे दूध असेल तर त्याला घराबाहेरही किंमत आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात नोव्हेंबर १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू झाली. आशियातली ती पहिली. तपासणी केलेल्या मातांनी दिलेले दूध साडेबासष्ट अंशांवर अर्धा तास तापवून अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना दिले जाते. तिथे कोणाच्या बाटलीत किती आले यावर टोमणा मारण्याची पद्धत नाही. तीस मिलिलिटरला देखील तिथे घेणारा आहे.

पंपाच्या बाबतीत एक भारतीय रीत आवरावी लागते. पाळणा, दुपटी, झबली, बाळाची टोपरी या वस्तू चुलत बहिणीकडून मावस बहिणीकडे फिरतात आणि त्यात काही बिघडत नाही. घरगुती पंप मात्र एकीचाच असावा. कित्येक पंपांत दूध किंवा दमट हवा नळीतून मोटरपर्यंत जाते आणि मोटर आतून निर्जंतुक करता येत नाही. बंद रचनेच्या पंपात दूध आणि मोटर यांच्यामध्ये पडदी असते, तरीही कंपन्या तो एकीनेच वापरावा असे सांगतात. ‘अगं, माझा पडूनच आहे, नवीन कशाला?’ असा प्रेमळ फोन येईल. आभार मानून पाळणा मागावा.

आता प्रत्यक्ष निवड. बाळ सदैव जवळ असेल, नीट पीत असेल, आणि गरज एवढीच की कधी लग्नाला जाऊन यावे किंवा छाती दाटून आली तर हलकी करावी, तर हात शिकून घ्यावा आणि वाटल्यास दांडीचा पंप घ्यावा. जास्त पैसे घालू नयेत. आठवड्यात दोन-चार वेळा बाहेर जायचे असेल तरी हाताचा पंप पुरतो. रोज आठ-नऊ तास बाहेर राहायचे असेल आणि दिवसातून दोन-तीन वेळा काढायचे असेल तर दुहेरी विद्युत पंप, बॅटरीवर चालणारा, बंद रचनेचा; आणि सोबत पर्समध्ये एक हाताचा, कारण बॅटरी मुद्दाम मीटिंगच्या दिवशी संपते. विजेचा भरवसा नसलेल्या गावात क्रम उलटा करावा. बाळ अपुऱ्या दिवसांचे असून अतिदक्षता विभागात असेल तर शक्यतो जन्मानंतर काही तासांतच सुरुवात करावी लागते आणि दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा काढावे लागते. तिथे पहिले दिवस हात, नंतर रुग्णालयी दुहेरी पंप, तोही भाड्याचा, आणि सल्ला फक्त डॉक्टरांचा व स्तनपान सल्लागारांचा. दुखत असेल, गाठ लाल होऊन ताप आला असेल, तर पंप बदलण्याच्या आधी डॉक्टरांना दाखवावे. थोडक्यात, पंप दिवसाचे वेळापत्रक पाहून निवडायचा असतो. हे वेळापत्रक एकाच व्यक्तीचे असते, म्हणून निर्णायक मतही एकच.

खरेदीची घाई करू नये. सातव्या महिन्यात डोहाळजेवणाच्या उत्साहात घेतलेला पंप कित्येकदा खोक्यातच राहतो; बाळ आल्यावर दूध, पिणे आणि नोकरी यांची घडी बसली की गरज कळते. मेडिकल दुकान रात्री दहापर्यंत उघडे असते.

पंप बंद करतानाही क्रम असतो. एकदम थांबवले तर दूध साचून गाठी होतात. म्हणून दर काही दिवसांनी एक वेळ कमी करत किंवा प्रत्येक वेळची मिनिटे घटवत थांबावे. त्यानंतर सिलिकॉनचे भाग टाकून द्यावेत, मोटर ई-कचऱ्यात द्यावी. बाटल्या स्वयंपाकघरात मापासाठी वापरल्या जातात आणि त्यांवरच्या रेघा तेव्हा प्रथमच कोणालाही न दुखवता वाचल्या जातात. दुहेरी पंपाचे मोकळे खोके भक्कम असते. ते दिवाळीच्या पणत्या ठेवायला माळ्यावर जाते.